जीपच्या पोटातला दांडा : प्रॉपेलर शाफ्टची देखभाल आणि बदल

आपल्या शाळेची जीप सगळ्यांच्या परिचयाची आहे. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडच्या वाड्यांवरची मुले हिच्यातूनच येतात. मागे दोन बाजूंना दोन बाके, वर ताडपत्री, खाली पत्रा. त्या पत्र्याच्या खाली अर्ध्या हातावर एक लोखंडी नळी गरगर फिरत असते हे मात्र बाकावर बसणाऱ्या मुलांना ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पहिली दोन वर्षे त्याचे फारसे भान नव्हते. गाडी चालते आहे ना, मग झाले, अशीच आमची समजूत होती. गेल्या काही वर्षांत कार्यशाळेत काम करता करता, चुका करता करता आणि बेळगावच्या जुन्या मिस्त्रींची बोलणी खाता खाता जे शिकलो, ते विद्यार्थी आणि पालक दोघांच्याही उपयोगी पडेल म्हणून या अंकात देत आहोत. तालुक्यात अजून कितीतरी घरांपुढे जुन्या महिंद्रा जीप उभ्या आहेत. कुणी शेतावर वापरतो, कुणी दुधाचे कॅन आणतो. ही माहिती त्यांच्यासाठीही आहे.

प्रथम हा दांडा करतो काय ते पाहू. इंजिन पुढे असते, चाके मागे असतात. इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समधून आणि त्याला चिकटलेल्या ट्रान्सफर केसमधून बाहेर पडते. ही ट्रान्सफर केस म्हणजे फोरव्हील गाडीतला दुसरा, छोटा गिअरबॉक्स. तिच्यातून दोन तोंडे निघतात, एक मागच्या अ‍ॅक्सलकडे आणि एक पुढच्या. प्रत्येक तोंडाला एक प्रॉपेलर शाफ्ट जोडलेला असतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला नुसते शाफ्ट किंवा जॉइंट म्हणतात. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये हे दोन्ही शाफ्ट गाडीच्या बरोबर मध्यातून न जाता एका बाजूने जातात. खाली वाकून पाहिले तर मागच्या अ‍ॅक्सलचा गोळाही मध्यावर नसून बाजूला सरकलेला दिसेल. अपघातात वाकला असावा असे वाटून आमच्या एका विद्यार्थ्याने तशी तक्रारही केली होती! तो मुळातच तसा आहे.

आता खरी अडचण अशी की गिअरबॉक्स चासीला पक्का बांधलेला असतो, पण अ‍ॅक्सल पाट्यांवर म्हणजे स्प्रिंगांवर खालीवर नाचत असतो. एक टोक स्थिर, दुसरे टोक हलते, आणि मधून फिरकी तर जायलाच हवी. सरळ सळई घातली तर पहिल्याच खड्ड्यात वाकेल किंवा तुटेल. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. बेचकीसारखे दोन योक एकमेकांत काटकोनात बसवायचे आणि मध्ये अधिकच्या खुणेसारखा चार दांड्यांचा पोलादी क्रॉस. क्रॉसच्या प्रत्येक दांड्यावर एक छोटा कप, आणि कपाच्या आत शिवणाच्या सुईएवढ्या जाड रोलरची गोल रांग. या सुयांमुळे क्रॉस कपात सहज झुलतो. पाटी दबली की अ‍ॅक्सल थोडा मागे सरतो आणि अंतरही बदलते. त्यासाठी शाफ्टच्या एका टोकाला खाचांची नळी खाचांच्या दांड्यावर सरकती ठेवलेली असते. तो स्लिप जॉइंट.

ही कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्डानो या इटालियन गणितज्ञाचे नाव युरोपात आजही या सांध्याला आणि शाफ्टला लावतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने हा सांधा प्रत्यक्ष वापरला आणि त्याचे वर्णन केले. स्प्रिंगेच्या ताणाचा नियम सायन्सच्या तासाला शिकता, तोच हा हूक. मोटारीसाठी त्याला बंदिस्त आणि टिकाऊ रूप दिले ते अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरने. त्याचे पेटंट १९०३ सालचे. क्रॉसच्या डब्यावर स्पायसर हे नाव अजूनही दिसते.

या सांध्याची एक खोड आहे आणि ती समजली की पुढची बरीच कामे आपोआप समजतात. सांधा सरळ रेषेत असला तर दोन्ही बाजू सारख्या वेगाने फिरतात. पण तो वाकलेला असेल तर एक बाजू एकसारख्या वेगाने फिरत असतानाही दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. दहावीच्या मुलांनी त्रिकोणमितीचे कोष्टक उघडावे. कोन ३० अंशांचा असेल तर कोसाइन ०.८६६. म्हणजे एक बाजू मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर दुसरीचा वेग ८६६ ते ११५५ यांच्यामध्ये हिंदकळतो. कोन १० अंशांचाच असेल तर ९८५ ते १०१५. कोन वाढला की खोड किती झपाट्याने वाढते पाहा. उंची वाढवायची म्हणून पाट्यांखाली ठोकळे घालून जीप वर उचलणाऱ्या हौशी मंडळींनी हे आकडे जरूर पाहावेत. गाडी ऐटदार दिसते, पण शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात.

मग जीप हिसके देत का चालत नाही? कारण दुसऱ्या टोकाला दुसरा सांधा आहे. पहिला जेव्हा पुढे धावतो तेव्हा दुसरा तेवढेच मागे ओढतो आणि बेरीज शून्य होते. मात्र त्याला दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत हवेत, म्हणजे शाफ्ट जमिनीवर ठेवला तर दोन्ही बेचक्या एकदम आडव्या किंवा एकदम उभ्या दिसल्या पाहिजेत. स्लिप जॉइंट काढून पुन्हा घालताना एक दात जरी चुकला तरी ही पातळी बिघडते. समजा खाचांचे दात १६ आहेत, तर एक दात म्हणजे साडेबावीस अंश. मग एकाची खोड दुसरा झाकत नाही, दोघांच्या खोडी मिळून अ‍ॅक्सलपर्यंत जातात.

आमच्याकडून नेमके हेच झाले होते. धुऊन पुसून, ग्रीस भरून शाफ्ट चकाचक बसवला आणि गाडी बाहेर काढली, तर चाळीसच्या वेगाला सगळा पत्रा थरथरायला लागला. कामाआधी नव्हती ती तक्रार कामानंतर आली. दोन दिवस आम्ही चाकांचे नट, टायर, इंजिनाचे रबर तपासत बसलो. शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी गाडीखाली नुसते डोकावून सांगितले, "बेचक्या जुळवा आधी." आता शाफ्ट काढण्यापूर्वी आम्ही डॉट पंचाने चार ठिकाणी खुणा करतो : दोन्ही टोकांना योक आणि फ्लँजवर, आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर. खडूची खूण डिझेलच्या फडक्याने पुसली जाते, म्हणून पंचच बरा. एक सावधगिरी अशी की तुमच्या आधी कुणी दुसऱ्याने ती चुकीची बसवलेली असू शकते. तेव्हा खुणांवर डोळे मिटून विसंबू नका, बेचक्याही पाहा.

शाफ्ट किती वेगाने फिरतो याचा हिशेब आम्ही वर्गात करून घेतला तो असा. जुन्या सीजे जातीच्या जीपमध्ये मागच्या कराऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जवळजवळ ५.४ फेरे. टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर धरा. ताशी ४० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ३०० फेरे घेते, तर शाफ्ट १६००. इतक्या वेगात नळीला एका बाजूला मूठभर चिखल चिकटलेला असला तरी ती फेकल्यासारखी थरथरते. खानापूरकडची तांबडी माती किती चिवट असते हे सांगायला नको. त्यामुळे थरथर आली की पाने हातात घेण्याआधी पाण्याचा पाइप घ्या. आमच्या अनुभवात निम्म्या तक्रारी धुण्यानेच गेल्या. नळीवर कुठे पत्र्याचा छोटा तुकडा वेल्ड केलेला दिसेल तर तो घाण समजून छिन्नीने उडवू नका. तो तोल सांभाळण्यासाठी कारखान्यात लावलेला असतो.

थरथर शाफ्टची की इंजिनाची हे ओळखायला मोकळा सरळ रस्ता हवा. ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि इंजिन आरामात फिरू द्या. थरथर तशीच राहिली तर दोष चाकात किंवा शाफ्टमध्ये. बंद झाली तर इंजिन, क्लच किंवा त्यांच्या रबरांकडे पाहावे. शाफ्टचे दुसरे लक्षण म्हणजे आवाज. गाडी हलताना, विशेषतः रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना "टक्" असा एकच ठोका येतो, तो बहुधा झिजलेल्या क्रॉसचा किंवा सैल खाचांचा. आणि क्रॉस कोरडा पडला की हळू चालताना चिमणीसारखा आवाज येतो. "सर, मागचा क्रॉस कुईकुई कराय लागलाय," असे आमच्या चालकाने सांगितले की आम्ही त्याच दिवशी पाहतो. कारण हा आवाज काही दिवसांनी बंद होतो. दोष बरा झाला असे त्यावरून समजू नये. सुयांचा पार भुगा झालेला असतो आणि करकरायला काही उरलेले नसते.

खाली जाऊन पाहायचे ते असे. इंजिन बंद, गाडी सपाटीवर, चाकांना उटी लावलेली. कपांच्या कडेला तांबूस भुकटी दिसते का पाहा. आत पाणी शिरून सुया गंजल्या की ती गंजाची पूड कपाच्या तोंडातून बाहेर येते. मग शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळा आणि नजर योक व क्रॉस यांच्यातल्या फटीवर ठेवा. शाफ्ट थोडा फिरेलच, कारण गिअरच्या दातांतही ढिलाई असते. पण क्रॉस योकच्या आत हलताना दिसला तर तो गेला. मग शाफ्ट वरखाली हलवून स्लिप जॉइंटची ढिलाई पाहा.

ग्रीस हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. क्रॉसच्या मध्यावर निपल असते. आम्ही लिथियमचे, जास्त दाब सोसणारे दोन नंबरचे ग्रीस वापरतो. गनने भरत राहायचे, जोपर्यंत चारही कपांच्या तोंडातून ताजे ग्रीस बाहेर येत नाही तोपर्यंत. चारही, हे महत्त्वाचे. तीन कपांतून आले आणि चौथ्यातून नाही, तर तो चौथा कोरडाच राहिला आणि क्रॉस तिथूनच जाणार. अशा वेळी शाफ्ट थोडा फिरवून, हलवून पुन्हा भरून पाहावे. बाहेर आलेले ग्रीस दुधाळ असेल तर आत पाणी होते. तांबडे किंवा चकचकीत कण असतील तर नवा क्रॉस आणायला पाठवा. स्लिप जॉइंटच्या निपलला मात्र हात आखडता घ्या. तिथे दाबून दाबून भरले तर आत जागा उरत नाही, शाफ्ट आखडला जात नाही, आणि खड्ड्यात आपटल्यावर तो जोर थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. सीलच्या कडेला ग्रीस दिसले की पुरे. उन्हाळ्यात आम्ही महिन्यातून एकदा भरतो. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली की त्याच संध्याकाळी, मग आधी कितीही अलीकडे भरलेले असो.

पुढच्या शाफ्टचे थोडे वेगळे आहे. फोरव्हील लावलेले नसतानाही, पुढच्या चाकांना मोकळे करणारे हब नसतील किंवा ते लॉक करून ठेवलेले असतील, तर हा शाफ्ट चाकांबरोबर फिरतच राहतो. वर्षभर कामाला न येणारा शाफ्ट म्हणून कुणी त्याला ग्रीस भरत नाही आणि ऐन चिखलात तो दगा देतो. आणखी एक, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोरव्हील लावून चालवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात, आणि या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये तो फरक पचवणारे डिफरन्शियल नसते. चिखलात चाक थोडे घसरून फरक भरून निघतो. डांबरावर ते घसरत नाही, मग दोन्ही शाफ्ट पिळले जातात आणि क्रॉसवर अकारण भार येतो. फोरव्हीलचा दांडा काढायला गेलात आणि तो घट्ट अडकून बसला असेल तर हेच झालेले असते. गाडी थोडी मागे घेतली की सुटतो.

आता क्रॉस बदलण्याकडे वळू. त्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगायला आम्हाला संकोच वाटतो, पण हा लेख लिहिण्याचे ते एक कारण आहे.

पहिल्यांदा मागचा शाफ्ट काढला तेव्हा जीप शाळेच्या मागच्या आवारात, चिंचेकडे उतरणाऱ्या किंचित उतारावर उभी होती. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. याहून अधिक काय करायचे, असे आम्हाला वाटले. आमच्यातले एक जण खाली झोपून यू-बोल्टचे नट काढत होते. शेवटचा नट सुटला, शाफ्टचे टोक खाली आले, आणि जीप मागे चालू लागली. मागचे चाक त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेले आणि चिंचेच्या पाराला अडकून थांबले. चार मुले बाजूला उभी राहून पाहत होती. त्यातला एक जण पाच मिनिटांपूर्वीच पाना द्यायला गाडीखाली जाऊन आला होता.

झाले काय ते नंतर ध्यानात आले. विलीज घराण्यातल्या अनेक जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांत नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. तो ब्रेक चाकांना धरत नाही, शाफ्टला धरतो, आणि शाफ्ट चाकांना. शाफ्ट सोडला की हँडब्रेक कुणालाच धरत नाही. गिअरचेही तेच. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर आम्ही विसंबलो होतो, त्या दोन्ही आम्ही आमच्याच पान्याने सोडवल्या होत्या. याच ब्रेकचा आणखी एक छुपा दोष आहे. शाफ्ट जागेवर असतानाही मागचे एकच चाक जॅकवर उचलले तरी गाडी घरंगळू शकते, कारण डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होते. पंक्चर काढणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकावे.

तेव्हापासूनचा आमचा शिरस्ता असा. गाडी सिमेंटच्या सपाट जागेवरच. चारपैकी किमान दोन चाकांना पुढून आणि मागून लाकडी उटी, दगड नव्हे. जीप पुरेशी उंच असते, त्यामुळे या कामाला चाके जमिनीवरच राहू द्यावीत. उचलावीच लागली तर घोडीवर, नुसत्या जॅकवर कधीही नाही. बोल्ट वर आणण्यासाठी गाडी थोडी ढकलावी लागते. तेव्हा खाली कुणी नको, आणि ढकलून झाले की उटी पुन्हा. नट सैल करण्याआधी शाफ्ट हाताने किंचित मागेपुढे हलतो का पाहावे. तो ताणल्यासारखा घट्ट असेल तर गाडीचा भार त्याच्यावर आहे, हात तिथेच थांबवावा. विद्यार्थी गाडीखाली जात नाहीत. शाफ्ट बाहेर आला की पुढचे सगळे काम टेबलावर, आणि तिथे ते हवे तेवढे शिकतात.

यू-बोल्ट सुटल्यावर त्या बाजूचे दोन कप मोकळे होतात. ते गळून पडले की सुया जमिनीवर विखुरतात, म्हणून आधी चिकटपट्टी गुंडाळावी. जुना क्रॉस फेकायचाच असला तरी आम्ही सुया जपतो, कारण त्यांच्यावरून रोगाचे निदान होते. योकमधले कप काढायला आधी सर्क्लिप काढायच्या. गंजलेल्या असतील तर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवावे. मग वाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढी मोठी गोटी ठेवून वाइस आवळत जायचे. लहान गोटी इकडून ढकलते, पलीकडचा कप मोठ्या गोटीत उतरतो. हातोड्यानेही होते आणि रस्त्याकडेला सगळे तसेच करतात, पण योकचा कान वाकला तर नवा क्रॉसही महिनाभरात जातो. वाइस असताना हातोडा का उचलावा?

जुन्या क्रॉसच्या दांड्यावरून नख फिरवा. ग्रीस मिळत गेले असेल तर तो गुळगुळीत असतो. आमच्या क्रॉसवर एका बाजूला समांतर चर पडले होते, कंगव्यासारखे. सुया गोल फिरत नाहीत, जेमतेम इकडून तिकडे झुलतात, त्यामुळे प्रत्येक सुई एकाच जागी ठोकत राहते. म्हणूनच शाफ्ट अगदी सरळ रेषेत असणेही चांगले नाही. एकदोन अंशांचा कोन असला तर सुया हलतात आणि ग्रीस पसरते.

नवा क्रॉस बसवताना योकची भोके पॉलिश पेपरने साफ करावीत. नवा कप बोटाने सहज आत सरकला तर ते भोक झिजून मोठे किंवा लंबगोल झाले आहे आणि योकच बदलायला हवा. कप दाबून जायला हवा. कपात ग्रीस लावून सुया उभ्या आहेत का मोजल्यासारख्या पाहाव्यात, क्रॉस आत धरून दोन्ही बाजूंनी कप थोडे थोडे दाबावेत आणि मध्येमध्ये क्रॉस झुलवून पाहावा. निपल अशा बाजूला यावे की शाफ्ट चढवल्यावर तिथे गन पोचेल. ही चूक आम्ही केली आहे आणि त्यासाठी पूर्ण काम पुन्हा केले आहे.

शेवटच्या दोनतीन मिलिमीटरला कप अडला आणि सर्क्लिप खाचेत बसत नसेल तर जोर लावू नका. आत एक सुई आडवी पडून कपाच्या तळाशी गेली आहे. कप काढा, सुई उभी करा, पुन्हा घाला. ठोकून बसवलेला असा क्रॉस बेळगावला पोचेपर्यंतही टिकत नाही. चारही सर्क्लिप बसल्यावर सांधा हाताने सगळीकडे सारखा हलला पाहिजे. थोडा आखडला असेल तर योकला पितळी हातोडीने हलकी टिचकी मारली की कप सर्क्लिपपर्यंत बाहेर सरकतात आणि सांधा मोकळा होतो.

एका टोकाचा क्रॉस गेला तर दोन्ही बदलावेत असे आमचे मत आहे. दोघांनी सारखेच किलोमीटर आणि सारखाच चिखल पाहिलेला असतो. यू-बोल्ट, नट, वॉशर नवेच घ्या. जुने ताणून लांबलेले असतात. नट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत, अंगातला सगळा जोर लावून नाही, कारण फार आवळले तर कप चेपतो. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.

पूर्ण शाफ्ट केव्हा बदलायचा? नळीला पोचा आला असेल, ती पिळली असेल, खाचांत ढिलाई असेल किंवा योकची भोके गेली असतील तर. तुटलेली नळी वेल्डिंग करून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. वेल्डिंग होतेही, पण दोन्ही टोके लेथवर एका रेषेत आणून नंतर तोल तपासल्याशिवाय ती नळी मुलांच्या पायाखाली फिरू देणे आम्हाला मान्य नाही. मागच्या शाफ्टचे पुढचे टोक चालत्या गाडीत सुटले तर ते खाली पडून रस्त्यात रुतते आणि गाडी काठीवर उडी मारावी तशी उचलली जाऊ शकते. आमच्या जीपला आम्ही त्या टोकाजवळ जाड पट्टीचे कडे करून चासीला बोल्टने बांधले आहे. शाफ्ट सुटलाच तर कड्यात लोंबकळेल, जमिनीला लागणार नाही.

वाटेतच क्रॉस मोडला तर फोरव्हील गाडीचा एक फायदा आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी जांबोटीच्या अलीकडे संध्याकाळी आमच्यावर तो प्रसंग आला. मुलांना मागून येणाऱ्या ओळखीच्या गाडीत बसवले, चाकांना उटी लावून मागचा शाफ्ट पूर्ण काढून गाडीत टाकला, हब लॉक केले आणि फोरव्हीलचा दांडा ओढला. जीप पुढच्या चाकांवर खेचत हळूहळू घरी आली. चढावर थांबायचे टाळले आणि उटी घेऊन एक जण दाराशी बसून राहिला.

त्या दिवशी मोडलेला क्रॉस, त्याच्या वाकलेल्या सुया आणि कंगव्यासारखे चर पडलेला जुना क्रॉस असे दोन्ही कार्यशाळेच्या खिडकीत डब्यात ठेवले आहेत. पालकांनी मुलांना सोडायला येताना जरूर पाहावेत, हातात घेऊन नख फिरवावे. ग्रीस गन त्याच खिडकीखाली असते. ज्यांच्याकडे जीप आहे पण गन नाही, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर गाडी घेऊन यावे. ग्रीस मात्र आपले आणावे.